मेंढरांवर घातलेला आळ

आमच्या रानातली ताल, म्हणजे पाणी अडवायचा मातीचा बांध, धनगराच्या मेंढरांनी फोडली नव्हती. तिच्यात मोकळी जागा मी ठेवली होती. ती बुजवायचा शब्द मी दिला होता आणि तो पाळला नव्हता. चारचौघांत मात्र मी मेंढरांचं नाव घेतलं, आणि त्यापायी एका घराला गाव सोडावं लागलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याविषयी उगाच चांगलं मत करून घेणार नाही.

आमचं गाव वडूजच्या पूर्वेला, माळाच्या पायथ्याशी. इकडं पाऊस कमी, पण कमी म्हणजे हलका नव्हे. महिनाभर आभाळ कोरडं राहतं आणि मग एखाद्या दुपारी माळावरून गढूळ पाणी असं उतरतं, की नुकतं खत घातलेली माती ओढ्याला जाते. दरवर्षी नांगराच्या फाळाला मुरूम थोडा लवकर लागायचा. वडील म्हणायचे, रान म्हातारं झालं. रान म्हातारं होत नव्हतं, वाहून चाललं होतं, हे त्यांनाही कळत असावं. पण त्यावर करायचं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

लढाई संपली आणि मी पलटणीतून घरी आलो. गाव मला हवालदार म्हणू लागलं आणि मलाही ते आवडायचं. त्याच सुमारास तालीचे साहेब गावात आले. उताराला आडवे मातीचे बांध घालायचे, पाणी रानातच अडवायचं आणि माती जागेवर ठेवायची, अशी सरकारची योजना होती. हीच ती ताल. साहेब तरुण होते, वाईकडचे, बोलणं अगदी शुद्ध. चावडीत त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

“यात सक्ती नाही,” ते म्हणाले. “ज्यांची मर्जी असेल त्यांच्याच रानात काम होईल. आखणी आम्ही करून देऊ, कामाला मदत देऊ. उरलेलं तुम्ही अंगमेहनतीनं करायचं. फक्त एका उतारावरचे सगळे मालक तयार पाहिजेत.”

आमच्या भागात ती वर्षं अशी होती, की सरकारी माणूस दिसला तरी लोक सावध व्हायचे. कुणाच्या घराची झडती झाली होती, चळवळीपायी कुणाचा भाऊ पोलिसांच्या भीतीनं रानोमाळ फिरत होता. त्यामुळं चावडीत लोक दाराजवळच बसले होते. मग मागून एक जण म्हणाला, “सक्ती न्हाई म्हंजी कसं, आदी रेघा वडायच्या आन् मग रेघंरेघंवर सारा वाढवायचा!” लोक हसले. साहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात आमच्या रानाच्या खालचा धनगर उठला. वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचा. मी त्याला मामा म्हणायचो. त्याच्या कित्येक पिढ्या मेंढरांमागं चालण्यात गेल्या होत्या. निम्मी मेंढरं विकून आमच्या रानाखालची पट्टी त्यानं घेतली होती. त्याच्या घराण्यात नांगर धरणारा तो पहिलाच. दर उन्हाळ्यात खतासाठी तो आमच्या रानात मेंढरं बसवायचा आणि त्याच्या घरी आमच्याकडून धान्य जायचं.

“सायब, माजं रान आगदी बुडाला हाय,” तो म्हणाला. “वरच्यांनी पानी धरलं तर माजी माती ऱ्हाईल. मी तयार हाय. पर माज्या एकट्याच्या तयारीनं काय व्हतंय? हवालदार माज्या डोक्यावर हायती.”

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी मिशीवरून हात फिरवून म्हणालो, “डोक्यावर आसलो तरी पाय न्हाई दिला आजून, मामा.” पुन्हा हशा झाला. मी होकार दिला आणि माझ्यामागून बाकीच्यांनीही दिला. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

साहेबांनी तिपाईवर दुर्बीण लावून रानात खुंट्या रोवल्या आणि खुंटीपासून खुंटीपर्यंत चुन्याच्या फक्कीची रेघ ओढली. आमची शेतं सरळ, रेघ मात्र नागमोडी. ती उताराच्या पातळीनं जात होती. धनगराच्या अगदी वर, माझ्या रानात, ती रेघ पालखीच्या वाटेवर आली.

ही वाट आमच्या घराचा मान होती. चैत्रातल्या जत्रेला गावदेवाची पालखी देवळातून निघून माळावरच्या देवाच्या मूळ ठाण्याला जाते, ती आमच्या रानातून. आमच्या हद्दीत खांदा आमच्या भाऊबंदांचा. एकदा उचललेली पालखी ठाण्यापर्यंत टेकवायची नाही आणि कलंडूही द्यायची नाही. ती ज्याच्या रानात कलंडेल त्या घराचं बरं होत नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

साहेब म्हणाले, “ताल अखंड पाहिजे. वाटेच्या जागी दोन्ही अंगांनी मातीचा उतार घालून देतो. पालखी वरून जाईल.”

माझे थोरले चुलते लगेच बोलले, “नव्या मातीवरनं द्येव चढवायचा? भोयांचा पाय रुतला म्हंजी?”

भोई म्हणजे आम्हीच. पाय रुतायचा तो माझाच. खरं सांगायचं तर मला देवाची भीती नव्हती. सगळ्या गावासमोर माझा पाय घसरेल याची होती. पलटणीतून आलेला हवालदार आपल्याच रानात देवासकट आडवा पडला, हे लोक जन्मभर सांगत बसले असते. मी साहेबांना म्हणालो, “एवढी जत्रा होऊ द्या. गाडी जाईल एवढी जागा मोकळी ठेवा. जत्रा झाली की मी स्वतः बुजवतो.”

साहेबांनी खाली धनगराच्या पट्टीकडं पाहिलं. काम खुशीचं होतं. मी अडून बसलो असतो तर सगळ्या उताराचं काम अडलं असतं. शेवटी ते म्हणाले, “मृगाच्या आत बुजवा. ताल भरली की सगळं पाणी त्या खिंडीवर येईल आणि खाली यांचं रान आहे. तुमचा शब्द समजतो.”

खिंड बुजवण्यापुरती चांगली माती त्यांनी ताल घालतानाच बाजूला ढीग करून ठेवली. मग त्यांचं काम माण तालुक्याकडं निघालं आणि ते गेले.

जत्रा झाली. पालखी सरळ गेली. चुलत्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर खिंड बुजवायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण त्या वाटेनं गाडी थेट माळाला जायची, वळसा वाचायचा. आज बुजवू, उद्या बुजवू असं चाललं. त्यात नव्या गोठ्याचं काम निघालं. जोत्याला भर कमी पडत होती आणि तो ढीग समोरच होता. मी तो बैलगाडीनं घरी आणला. दुसरी माती आणून खिंड बुजवू, असं मनाला सांगितलं. दुसरी माती मी आणली नाही.

धनगर एकदा गोठ्यापाशी आला. जोत्याकडं त्यानं पाहिलं, पण त्याविषयी बोलला नाही. म्हणाला, “हवालदार, ती खिंड कवा बुजवताय?”

“बुजवू की मामा. पाऊस कुटं आलाय?”

त्याची बायको मागं उभी होती. ती तोंडाची फटकळ. “पलटणीत बी आसंच व्हतं व्हय रं?” ती म्हणाली. “आदी गोळी खायाची आन् मग खंदक खांदायचा?”

मी हसलो. धनगरही हसला. त्याला माझ्यावर रागावायचं कारणच नव्हतं. त्याचीही मेंढरं त्याच खिंडीतून माळाला जायची. पुढं मी जे केलं ते मला सोपं गेलं, ते त्यामुळंच.

मृग हलका गेला. पुढची नक्षत्रंही अंगावर आली नाहीत. तालीच्या पोटाशी थोडं थोडं पाणी साठायचं आणि जिरायचं. बाजरी त्या वर्षी अशी आली, की लोक मुद्दाम बघायला येत. धनगराच्या पट्टीत तर कणसं माझ्यापेक्षा सरस होती. खिंडीतून कधी धार गेली नाही, आणि माझ्या मनातून खिंड गेली.

मग हस्ताचा पाऊस आला. दुपारी माळ दिसेनासा झाला. आम्ही गोठ्यात उभे राहून बघत होतो. ताली भरल्या आणि माझ्या रानात तळं झालं. घरातली पोरंबाळं आनंदानं ओरडायला लागली. त्या तळ्याची एक कड हलल्यासारखी दिसली आणि मला कळलं. मी भिजत पळत गेलो. खिंडीतून माणूसभर रुंदीचा लाल लोंढा धनगराच्या बाजरीत पडत होता. पलीकडं तो आणि त्याची बायको उभे होते. तो घोंगडं टाकून, हातानं दगड उचलून पाण्यात टाकत होता. टाकलेला दगड दिसत नव्हता.

पाऊस ओसरल्यावर त्याच्या पट्टीत मधोमध मुरूम उघडा पडला होता. बाजरी नव्हती, आणि बाजरी ज्यात उभी होती ती मातीही नव्हती. पीक पुढल्या वर्षी येतं. माती त्याच्या हयातीत परत यायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव तिथं जमलं. पाण्यानं खिंडीच्या दोन्ही कडा खाल्ल्या होत्या. ती मुद्दाम ठेवलेली जागा आहे की फुटलेली ताल आहे, हे आता बघून ओळखू येत नव्हतं. आणि जत्रेनंतर मी ती जागा बुजवली असणार, असंच गाव धरून होतं. माझ्यामागून होकार दिलेले लोक माझ्याकडंच बघत होते.

“हवालदार, ताल फुटली कशी?” एकानं विचारलं. “आमच्या बी आशाच फुटायच्या का?”

मी म्हणालो, “मेंढरं रोज हितनंच चढत्यात. खुरांनी ढासळली. मातीची ताल ती, किती सोसंल?”

बोललो आणि माझाच आवाज मला परका वाटला. माझे चुलते शेजारीच उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, भावकीतल्या निदान तिघा-चौघांना ठाऊक होतं. पालखीची वाट मोकळी ठेवल्यामुळं रान गेलं, असं म्हणायची कुणाची तयारी नव्हती.

धनगर माझ्याकडं बघत राहिला. “माज्या मेंढरांनी?” एवढंच म्हणाला.

त्याची बायको मात्र पुढं आली. “मातीचा ढीग बी मेंढरांनीच खाल्ला व्हय? त्येच्यावर कुनाचं बैल बांदल्यात?”

“ये म्हातारे, गप,” चुलते खेकसले. “देवाच्या वाटंवर उबी हायस.”

साहेब आले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “खिंड बुजवली होती ना?” मी “व्हय सायब” म्हणालो. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि विश्वास ठेवला. ज्याच्या जनावरांनी ताल मोडली त्याच्या रानात दुरुस्तीला मदत देता येणार नाही, असं ते खेदानं म्हणाले. धनगरानं ना गावापुढं खिंडीचं नाव काढलं, ना साहेबांपुढं. हवालदाराच्या शब्दापुढं आपला शब्द टिकायचा नाही, हे त्यानं ओळखलं होतं. मीही ते ओळखूनच बोललो होतो.

पंचांनी त्याच्या मेंढरांना माळ बंद केला. त्याची मेंढरं कुणी रानात बसवून घेईना. चारा नाही, रानात माती नाही. दिवाळीच्या आत त्यानं दाराला बाभळीची काटेरी फांदी लावली आणि बायकोला घेऊन मेंढरांमागं सांगलीकडं निघून गेला. जाताना माझ्या रानातून जवळची वाट होती. तो ओढ्याकडून वळसा घालून गेला.

मी खिंड बुजवली. वर दोन्ही अंगांनी साहेबांनी सांगितला होता तसाच उतार घातला. पुढच्या चैत्रात पालखी त्या उतारावरून चढली आणि उतरली. माझा पाय घसरला नाही. देवाला काही झालं नाही.

यापुढचं सांगायला मला जास्त जड जातं. आमच्या गावच्या ताली नमुन्याच्या ठरल्या. साहेब मला बरोबर घेऊन गावोगाव जाऊ लागले. सरकारी माणसापेक्षा शेतकऱ्याचं बोलणं लोक ऐकतात, असं ते म्हणत, आणि ते खरं होतं. मी चावडीत उभा राहायचो, बाजरीचं वर्णन करायचो. शेवटी कुणी तरी विचारायचंच, की ताल फुटली तर? मग मी मेंढरांची गोष्ट सांगायचो. सांगता सांगता ती चांगली रंगायला लागली. धनगर काठी हलवत कसा उभा होता, मेंढरं कशी एकामागं एक चढत होती, असं मी कधी न पाहिलेलंही सांगू लागलो. लोक हसायचे. ऐकणाऱ्यांत धनगर असले तर तेवढे खाली बघायचे. घरी आलो की मला जेवण जात नसे. बायको विचारायची, बरं वाटत नाही का? दमलोय, म्हणायचो.

असाच एकदा तासगावच्या पूर्वेकडच्या एका गावात बोलत होतो. बोलणं संपत आलं आणि एका म्हाताऱ्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, “जनावरं ताल मोडत्यात का वो?” मी तोंड उघडलं आणि मागच्या खांबाशी मामा बसलेला दिसला. डोकीला तेच मुंडासं, माणूस मात्र वाळला होता. शेजारी बायको. तो माझ्याकडं नेमका तसाच बघत होता, जसा त्या सकाळी बघत होता.

तिथंच सगळं सांगायला हवं होतं. मी “न्हाई, मोडत न्हाईत” एवढंच म्हणून खाली बसलो. साहेबांनी चमकून माझ्याकडं पाहिलं.

लोक उठल्यावर मी खांबाशी गेलो. “मामा, बरं हाय का?” म्हणालो.

“हाय की. दुसऱ्याच्या रानात राबतुया. मेंढरं थोडी ऱ्हायल्यात.” मग त्यानं विचारलं, “माजं रान कसं हाय?”

“पडीक हाय.”

“कुसळं माजली आसतील.”

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं पाय मागं घेतले. “हितं नगो,” तो म्हणाला. “हितल्या मानसांनी मला कवा वाईट म्हनलंय? हितं मला समदी भला म्हनत्यात. तुमी जितं बोलला तितं बोला.”

“आन् नुस्तं ह्येचीच माफी मागू नगंस,” बायको म्हणाली. “माज्या मेंढरांची बी माग. मुकी म्हनून त्येंच्यावर घातलंस.”

“तुमी याल का?” मी विचारलं.

“मी कशाला यिऊ?” मामा म्हणाला. “माजी काय चूक?”

“मी यिते,” ती म्हणाली. “मला ऐकायचंच हाय.”

परतीच्या वाटेवर मी साहेबांना सगळं सांगितलं. ते चालता चालता थांबले. मग म्हणाले, “मी स्वतः तपासायला हवं होतं.” ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या रानाला मदत मिळावी म्हणून वर पुन्हा लिहितो, एवढं ते म्हणाले आणि पुढं मला कुठल्याही गावाला त्यांनी बोलावलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात, बाजारच्या दिवशी सकाळी, मी गाव चावडीत गोळा केलं. साहेब आले होते, बाजूला उभे होते. मी धाडलेल्या निरोपावरून धनगरीण एकटीच आली होती. तिला आत बसा म्हटलं तर तिनं मान हलवली आणि पायरीखालीच उभी राहिली. आणि रस्त्याच्या पलीकडं, पिंपळाखाली, मुंडासं बांधलेला मामाही होता. येणार नाही म्हणाला होता, तरी आला होता.

चुलत्यांना अंदाज आला होता. ते माझ्या कानाशी म्हणाले, “आरं, देवाच्या वाटंचं नाव कशाला काडतोस? झालं गेलं.”

“देवाचं न्हाई आबा. माजंच काडतोय.”

मी उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. जे तोंडाला आलं ते बोललो:

“मेंढरांनी ताल फोडली न्हाई. ताल तितं नव्हतीच. ती जागा मी मोकळी ठिवली, माज्या पायाच्या भीतीनं. बुजवायला ठिवलेली माती मी माज्या गोठ्याला नेली, तुमी येऊन बगा, आजून जोत्यात हाय. मामाचं रान माज्यामुळं गेलं आन् गावबी माज्यामुळं सुटलं. मला ठाव हुतं आन् तरी मी खोटं बोललो, हितं बी आन् सायबाफुडं बी आन् गावोगाव बी. पंचांनी माळ बंद केला तो माज्या खोट्यावर केला, तो उघडा करा. त्या रानात मी माती भरीन, उन्हाळ्यात, माज्या बैलांनी. पर ते फुडलं. आज मी माफी मागतो. मामा, तुमची. मामी, तुमची. आन् तुमच्या मेंढरांची. मी चुकलो.”